जुनी बुलेट ३५०: घाटात क्लच घसरतो. थेट प्लेटा बदलायच्या की आधी आणखी काही बघायचं?

पसरणी_घाट

नमस्कार मंडळी,

घरची १९७६ची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे. कास्ट आयर्न इंजिन, चार गियर, गियर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. इंजिनाचं काम होऊन फार दिवस झाले नाहीत, कॉम्प्रेशन उत्तम आहे.

त्रास असा: सपाटीला चौथ्यावर पन्नासच्या आसपास काही जाणवत नाही. वाईहून पाचगणीला चढताना मात्र तिसऱ्यावर अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी आहे त्याच चालीने चढत राहते. मागे कोणी बसलं की जास्त. गाडी तापल्यावर तर फारच. वर पोचलं की डाव्या कव्हरपाशी करपट वास येतो. हल्ली किक मारतानाही मधेच पाय एकदम खाली जातो, इंजिन फिरतच नाही.

एका गॅरेजमध्ये सांगितलं, प्लेटा गेल्या, पूर्ण सेट टाका. दुसरीकडे म्हणाले, स्प्रिंगांखाली वॉशर टाकून देतो, तासाभरात घेऊन जा. दोन्ही ठिकाणी गाडीला कुणी हात लावून पाहिलं नाही, म्हणून इथे विचारतोय. काम घरी करायची तयारी आहे. पाने आहेत, वेळही आहे.

तिसरा_गियर

प्लेटाच. करपट वास आला म्हणजे विषय संपला. नाना पेठेत सेट मिळेल, टाका आणि मोकळे व्हा.

पानापक्कड

थांबा जरा. वास आला म्हणजे प्लेटा घासल्या जातायत एवढंच कळतं. का घासल्या जातायत ते अजून कळलेलं नाही. कारण तसंच राहिलं तर नवा सेटही त्याच वाटेने जाईल.

पसरणी_घाट, आधी या प्रश्नांची उत्तरं द्या. क्लच लिव्हर हाताने हलवून बघा, वायर ताणली जायच्या आधी लिव्हर थोडी मोकळी हलते का? हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवल्यावर त्या ढिलाईत फरक पडतो का? इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या कव्हरमध्ये, म्हणजे डावीकडच्या प्रायमरीत, शेवटचं कोणतं तेल पडलं आणि किती? आणि किक घसरते तेव्हा 'कटकट' असा दाते सुटल्याचा आवाज येतो की काही आवाज न होता पाय खाली जातो?

पसरणी_घाट

लिव्हरला ढील अजिबात नाही. बोट लावलं की वायर ताठ. हँडल उजवीकडे नेल्यावर तर आणखीच ताठ होते. किक घसरताना आवाज येत नाही, लोण्यात पाय घातल्यासारखा खाली जातो. तेल मागच्या सर्व्हिसिंगला गॅरेजने भरलं, कोणतं ते विचारून सांगतो.

पानापक्कड

मग पहिला संशयित सापडला. प्लेटांना इतक्यात हात लावू नका.

या गाडीचा क्लच कसा सुटतो ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. क्लच आहे डावीकडे, वायर मात्र जाते उजवीकडे गियरबॉक्सच्या कव्हरमध्ये. तिथे आत एक छोटी लिव्हर आहे. ती गियरबॉक्सच्या पोकळ मेन शाफ्टमधून आरपार गेलेल्या पुश रॉडला ढकलते आणि रॉडचं दुसरं टोक डावीकडची प्रेशर प्लेट, म्हणजे स्प्रिंगांच्या जोराने बाकी प्लेटा दाबून धरणारी प्लेट, उचलतं. तुम्ही लिव्हर सोडता तेव्हा स्प्रिंगांचा सगळा जोर प्लेटांवर यायला हवा. वायर कायम ताठ असेल तर रॉड प्रेशर प्लेटला सतत थोडी रेटून धरतो. म्हणजे तुम्ही पूर्ण घाट अर्धा क्लच दाबून चढताय, हात मात्र लिव्हरवर नाही.

आता ढील गेली कुठे? प्लेटा झिजतात तशी प्रेशर प्लेट आत, गियरबॉक्सच्या दिशेने सरकते आणि रॉडला उजवीकडे ढकलते. म्हणून क्लच झिजला की ढील वाढत नाही, उलट कमी होते. ब्रेकच्या नेमकं उलट. बरेच जण ब्रेकच्या सवयीने इथेही 'जुना झालाय, जरा ताणून देऊ' म्हणतात आणि चांगला क्लच जाळतात. मला याची फार चीड येते, कारण दोन पाने आणि एक स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर होणाऱ्या कामापायी लोक हजारो रुपयांचे सुटे भाग घेऊन बसतात.

अ‍ॅडजस्टमेंट दोन ठिकाणी आहे आणि क्रम महत्त्वाचा. आधी वायरीवरचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घ्या, वायर लोंबती होऊ द्या. मग उजवीकडे गियरबॉक्सच्या कव्हरवरचं दोन स्क्रूंचं छोटं झाकण काढा. आत लिव्हरवर लॉकनट आणि त्यातून गेलेला अ‍ॅडजस्टिंग स्क्रू दिसेल. लॉकनट ढिला करा. स्क्रू हलक्या हाताने आत फिरवा. रॉडला टेकला की बोटाला कळतं, तिथे थांबा, जोर लावू नका. आता तो थोडा मागे घ्या, पाव ते अर्धा फेरा. स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू जागच्या जागी धरून ठेवा आणि मग लॉकनट आवळा, नाहीतर नटाबरोबर स्क्रूही फिरतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. शेवटी वायरीच्या अ‍ॅडजस्टरने ढील ठरवा. वायरीला साधारण १/१६ इंच, म्हणजे दीड मिलिमीटर मोकळीक हवी.

हँडल वळवल्यावर वायर ताठ होते याचा अर्थ ती कुठेतरी चुकीच्या बाजूने गेलीय किंवा आखूड आहे. टाकीखालून मोकळ्या वळणाने जाते का बघा. आतली तार गंजली असेल तर ती परतताना अडकते, तेव्हा वरून तेल सोडा. तार तुटायला आली असेल तर वायर बदलाच.

घाटवाट

पानापक्कड यांना +१. माझ्या १९८०च्या दशकातल्या बुलेटला हाच आजार होता. एक भर घालते. अ‍ॅडजस्ट केल्यावर गाडी गरम करून परत ढील तपासा. थंड गाडीवर पुरेशी वाटलेली ढील तापल्यावर नाहीशी झालेली मी पाहिली आहे.

किकबद्दलही थोडं. चार गियरच्या बुलेटमध्ये किकचा जोर गियरबॉक्समधून क्लचमार्गे प्रायमरी चेनवर आणि तिथून इंजिनावर जातो. त्यामुळे घसरणारा क्लच किकमध्ये हमखास दिसतो. पण किकच्या रॅचेटचे, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या चकतीचे, दाते झिजले तरी पाय खाली जातो, म्हणून पानापक्कडांनी आवाजाचं विचारलं. पाय सुटायच्या वेळी दाते बडवल्यासारखा आवाज आला तर उजवीकडचं कव्हर खोलायचं, डावीकडचं नाही.

कोल्हापूर_गॅरेज

धंद्यातला माणूस म्हणून लिहितो. वॉशर टाकून देणारे खूप आहेत, गिऱ्हाईकही तेच मागतं कारण लगेच होतं. मी टाकत नाही.

या क्लचमध्ये स्प्रिंगांचे स्क्रू शेवटपर्यंत आवळायचे असतात, ते अ‍ॅडजस्ट करायला दिलेले नाहीत. वॉशर टाकले की स्प्रिंग आधीच जास्त दबते. मग लिव्हर ओढल्यावर तिला आणखी दबायला जागा उरत नाही, वेटोळी एकमेकांना टेकतात. क्लच पूर्ण सुटत नाही, गियर टाकताना खाडखाड होतं, न्यूट्रल सापडत नाही. हात दुखतो तो वेगळाच. शिवाय सगळा ताण पुश रॉडच्या टोकावर आणि त्या छोट्या लिव्हरवर येतो. टोकं चेपून पसरलेले कितीतरी रॉड माझ्याकडे येतात. स्प्रिंग कमजोर झाली असेल तर सेट बदला. नवीन स्प्रिंग आणि जुनी स्प्रिंग काचेवर शेजारी उभी करा, उंचीतला फरक डोळ्यांनी दिसतो. एकच बदलू नका. सगळ्या सारख्या नसतील तर प्रेशर प्लेट वाकडी उचलली जाते.

येझदी_रोडकिंग

मध्येच विचारतो. येझदीलाही हेच लागू का? माझीही घसरते.

कोल्हापूर_गॅरेज

ढिलाईचं तत्त्व तेच, बाकी नाही. येझदीत क्लच आणि गियरबॉक्सचं तेल एकच असतं, आणि गियर लिव्हर दाबताना क्लच आपोआप सुटण्याची वेगळी यंत्रणा आहे, तिची अ‍ॅडजस्टमेंटही वेगळी बघावी लागते. इथले आकडे तिथे लावू नका. वेगळा धागा काढा, मी लिहितो.

पसरणी_घाट

मोठा अपडेट.

झाकण काढलं तर आतला स्क्रू रॉडला घट्ट टेकलेला होता, आणि त्यावर वायरही ताणून ठेवलेली. सांगितल्या क्रमाने केलं. वायर टाकीखाली एका क्लिपमधून ओढून घेतली होती, ती सोडवली. आता हँडल कसंही वळवलं तरी ढील तेवढीच राहते.

किक घसरणं लगेच थांबलं. घाटात फरक बराच पडला, पण पूर्ण नाही. डबल सीट, तिसऱ्यावर, शेवटच्या वळणांना अजून थोडं घसरतंच.

गॅरेजला तेलाचं विचारलं. 'चारचाकीचं भारीतलं सिंथेटिक होतं, तेच दोन्हीकडे टाकलं' असं उत्तर मिळालं.

पानापक्कड

आता दुसरा संशयितही हाती आला.

कारच्या क्लचला इंजिन ऑइल लागत नाही, तो कोरडा असतो. त्यामुळे कारच्या आधुनिक तेलात घर्षण कमी करणारे पदार्थ बिनधास्त घालतात, मायलेज वाढावं म्हणून. बुलेटच्या प्लेटा तेलात बुडून चालतात आणि त्यांचं सगळं काम घर्षणावरच आहे. डब्यावर मागे 'एनर्जी कन्झर्व्हिंग' किंवा 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असं लिहिलेलं असेल तर ते तेल प्रायमरीत नको. जपानी मानकांत यासाठी 'जासो एमए' आणि 'जासो एमबी' असे वर्ग आहेत. एमए म्हणजे ओल्या क्लचसाठी योग्य, एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, बहुतेक स्कूटरसाठी. एमए लिहिलेलं साधं २०डब्ल्यू५० किंवा २०डब्ल्यू४० पुरे. महागडं सिंथेटिक नकोच.

लोक एक गोष्ट विसरतात. आपल्या गाडीत इंजिनाचं, प्रायमरीचं आणि गियरबॉक्सचं अशी तीन वेगळी घरं आहेत. इंजिनात काय घालायचं यावर तासभर चर्चा होते आणि क्लच ज्यात बुडालेला आहे त्या घरात उरलेलं ओततात.

तेलाची पातळीही बघा. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून प्रायमरी कव्हरवरचा लेव्हल प्लग काढा. रिकाम्या घरात साधारण ४२० मिली जातं, पण अंतिम शब्द प्लगचा. भोकातून तेल झिरपायला लागलं की बस. प्लग काढताच धार लागली तर जास्त तेल कुठून आलं हा पुढचा प्रश्न.

घाटवाट

त्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवते, कारण जुन्या गाडीत ते दोन वाटांनी येतं.

एक, इंजिनाकडून. गाडी बरेच दिवस उभी राहिली की इंजिनाच्या तेलटाकीतलं तेल पंपातून हळूहळू खाली क्रँककेसमध्ये उतरतं. डाव्या बाजूचा क्रँकचा सील कडक झाला असेल तर ते तिथून प्रायमरीत शिरतं. खूण अशी की इंजिनाच्या डिपस्टिकवर तेल कमी होतं आणि प्रायमरीत वाढतं.

दोन, गियरबॉक्सकडून. हा अल्बियन या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचा गियरबॉक्स आहे. पूर्वीपासून त्यात पातळ ग्रीस किंवा ग्रीस आणि गियर ऑइलचं मिश्रण घालत आले आहेत. कुणी नुसतं पातळ गियर ऑइल भरलं तर ते पोकळ शाफ्टमधून, पुश रॉडच्या कडेने, सरळ क्लचच्या पोटात जातं. गियर ऑइलचा तो उग्र गंधकाचा वास असतो ना, तो प्रायमरीच्या तेलाला आला तर समजायचं.

पसरणी_घाट

प्लग काढला आणि धार लागली. भोकाच्या पातळीवर यायला बराच वेळ गेला. गंधकाचा वास नाही. डिपस्टिकवर इंजिनाचं तेल किंचित खाली आहे, पण फार नाही. कव्हर खोलतो आता, आत सगळं बघूनच घेतो. सांभाळायचं काय?

कोल्हापूर_गॅरेज

बरं केलंत. चुकीचं तेल प्लेटांत मुरलंय, नुसतं बदलून लगेच सुधारणार नाही.

डावा फूटरेस्ट काढा, ब्रेकचा पाय आड येत असेल तर तोही. खाली मोठी परात ठेवा, कव्हर सुटलं की तेल बाहेर येतं. कव्हर मधल्या एकाच मोठ्या नटावर आहे. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, कडा खराब झाली की जन्मभर गळत राहील. लाकडी हातोडीने सभोवती टकटक करा, रबराचं सील सोडेल. आत अल्टरनेटरच्या वायरी आहेत, त्यांना ओढ बसू देऊ नका.

प्लेटा काढायच्या आधी एक गोष्ट करा, लोक हमखास ती सोडून देतात. लिव्हर ओढून धरायला कुणाला तरी बसवा आणि किक हाताने हळूहळू फिरवा. प्रेशर प्लेट सगळीकडून सारखी उचलली जाते की डोलते ते बघा. मग लिव्हर सोडून किक दाबा. मधला हब फिरतोय आणि बाहेरचा ड्रम चेनसकट जागेवर आहे असं दिसलं तर क्लच घसरतोय, संशय उरत नाही. काहीच फिरलं नाही तर दोष किकच्या रॅचेटमध्ये.

स्प्रिंगांचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे सोडा. प्रत्येक प्लेट निघते तशी जमिनीवर त्याच क्रमाने, त्याच तोंडाने मांडा आणि फोटो काढा.

पसरणी_घाट

खोललं. फोटो चढवलेत.

प्रेशर प्लेट जरा डोलते. स्प्रिंगांपैकी दोन इतरांपेक्षा बुटक्या निघाल्या, काचेवर ठेवल्यावर स्पष्ट दिसलं. घर्षणाच्या प्लेटांचं लायनिंग नव्या प्लेटेशी ताडून पाहिलं, जाडीत फारसा फरक नाही. पण पृष्ठभाग काळा आणि आरशासारखा चकचकीत. बोट फिरवलं तर सरकतं. पोलादी प्लेटांपैकी एकीवर निळसर-जांभळे डाग आहेत, ती काचेवर ठेवून एका कडेला दाबली की दुसरी कड उचलली जाते. ड्रमच्या खाचांमध्ये, जिथे प्लेटेचे कान बसतात तिथे, नखाला लागतील असे खड्डे पडलेत.

पानापक्कड

फोटो उत्तम आलेत. सरळ सांगतो.

निळे डाग म्हणजे तापून रंग बदललेला. ती प्लेट वाकलीय, टाकून द्या, ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नका. बाकीच्या पोलादी सपाट असतील तर चालतील. काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर गोल गोल घासा, चकाकी जाऊन सगळीकडे सारखा मंद रंग आला की झालं.

लायनिंग जाड आहे, तेव्हा वाचवता येईल. पेट्रोलमध्ये धुवा (मोकळ्या हवेत, जवळपास काडी-सिगारेट नको), वाळवा, पॉलिश पेपरने वरची काच मोडा. पुन्हा धुवा, धूळ राहू देऊ नका. मग नव्या, योग्य तेलात रात्रभर भिजत ठेवा. कोरड्या प्लेटा बसवल्या तर पहिल्याच घाटात परत जळतील. ड्रमच्या आतल्या बाजूला लायनिंग असेल तर त्यालाही हाच उपचार.

स्प्रिंगांचा पूर्ण सेट नवा.

ड्रमच्या खाचांचे खड्डे घसरण्यामुळे पडलेले नाहीत, वर्षानुवर्षं प्लेटेचे कान आदळून पडलेत. त्यात कान अडकले की प्लेटा धड सुटत नाहीत आणि धड बसतही नाहीत. बारीक कानशीने कडा सरळ करा, पण हात आवरून. खड्डा पूर्ण जाईपर्यंत कानस मारली तर खाच रुंद होते आणि मग प्लेटा खडखडतात.

घाटवाट

कव्हर उघडलंच आहे तर प्रायमरी चेनही बघा. वरच्या बाजूला मध्यावर साधारण पाव इंच, म्हणजे ६ मिमी खेळ हवा. चेन एकसारखी झिजत नाही, म्हणून इंजिन फिरवत फिरवत सगळ्यात ताठ जागा शोधा आणि तिथे मोजा. खालच्या टेन्शनरच्या पट्टीवर खोल चर पडला असेल तर तीही बदला. ताठ चेन गियरबॉक्सच्या बेअरिंगचा जीव घेते, आणि ते काम क्लचपेक्षा कितीतरी खर्चिक.

क्रँकचा सीलही आत्ताच बघा. कडेने ताजं तेल ओघळलेलं दिसलं तर बदला. परत कोण उघडणार!

तिसरा_गियर

हे सगळं करण्यापेक्षा पाच गियरवाल्या नव्या बुलेटचा क्लच बसवता येतो असं ऐकलंय. कुणी केलंय का?

कोल्हापूर_गॅरेज

गियरबॉक्सच वेगळा, क्लचही वेगळा. मशीनवर काम करून बसवणारे आहेत, पण १९७६ची गाडी मूळ भागांवर उत्तम चालत असताना तसं करू नये असं माझं ठाम मत आहे. या क्लचची रचना ३५०च्या ताकदीला पुरून उरते. वर्षानुवर्षं तिघांचं बिऱ्हाड आणि दुधाचे कॅन याच क्लचने ओढलेत.

पसरणी_घाट

काम पूर्ण. एक पोलादी प्लेट नवी, स्प्रिंगांचा सेट नवा, जुनंच लायनिंग घासून भिजवून बसवलं. सीलच्या कडेला ओलं होतं, तोही बदलला. प्रायमरीत २०डब्ल्यू५०, जासो एमए, लेव्हल प्लगपर्यंत. लिव्हर आधीपेक्षा हलकी झालीय, हे अपेक्षित नव्हतं.

काल डबल सीट पसरणी चढलो. तिसऱ्यावर पिळलं की गाडी पुढे जाते. वास नाही. उतरताना पाचगणीत थांबून ढील तपासली, तेवढीच आहे.

एकच नवी गोष्ट: सकाळी पहिला गियर टाकताना गाडी झटका देते आणि बंद पडते.

घाटवाट

अभिनंदन! लिव्हर हलकी झाली कारण वायर आता वाकडीतिकडी जात नाही आणि प्रेशर प्लेट सरळ उचलली जाते.

सकाळचा झटका म्हणजे रात्रभरात प्लेटा तेलाने एकमेकींना चिकटतात. इग्निशन बंद असताना लिव्हर पूर्ण ओढून धरा आणि दोन-तीन किक मारा, पाय हलका जायला लागला की प्लेटा सुटल्या. मग अ‍ॅम्पिअरचा काटा बघून नेहमीसारखी चालू करा. गाडी गरम झाल्यावरही गियर खाडकन पडत असेल तर मात्र ढील जास्त झालीय, वायरीच्या अ‍ॅडजस्टरने अगदी थोडी कमी करा.

पानापक्कड

छान काम केलंत. घासलेल्या प्लेटा पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये बसतात आणि ढील थोडी कमी होते. तेव्हा झाकण उघडून आतला स्क्रू परत बघा, नुसत्या वायरीवर भागवू नका. आणि घाटात गाडी क्लचवर तोलून धरायची सवय असेल तर ती सोडा. चढावर थांबायचं तर ब्रेक धरून, न्यूट्रलमध्ये.

सातारा_रोड

वाचनखूण साठवली. माझी १९८२ची आहे, आजच लिव्हर हलवून बघितली, ढील शून्य. प्रायमरीचं तेल कधी बदललं तेही माहीत नाही. रविवारी आधी झाकण, मग लेव्हल प्लग, याच क्रमाने जाऊ ना?

पानापक्कड

हो, याच क्रमाने. तेल काढल्यावर पांढऱ्या भांड्यात घेऊन उजेडात बघा. काळपट चुरा दिसला तर तो लायनिंगचा, कव्हर खोलावं लागेल. चमकणारे लोखंडी कण दिसले तर चेन आणि टेन्शनर आधी बघा. दोन्ही नसेल तर नवं तेल भरा, ढील लावा आणि एखादा घाट चढून इथे कळवा.